चिखलाचा इतिहास : तेलविहिरीतली परकी माती

१/ १० जानेवारी १९०१. टेक्सासमधील स्पिंडलटॉप टेकडीवर तेलाचा प्रचंड फवारा उसळला. तेथील ढासळत्या वाळूतून विहीर खोदताना साध्या पाण्याऐवजी चिखल वापरला होता. त्यासाठी तळ्यात गुरे फिरवून पाणी गढूळ केले, अशी कथा सांगतात.

२/ हा चिखल खडकाचा चुरा वर आणतो, विहिरीच्या भिंती सावरतो आणि भूगर्भातील दाब तोलून धरतो. ड्रिलिंग थांबताच तो थिजला पाहिजे, पंप सुरू होताच पुन्हा वाहता झाला पाहिजे.

३/ अमेरिकेतील वायोमिंगच्या बेंटोनाइट मातीत हा गुण उपजतच आहे. तिच्या पापुद्र्यांमध्ये सोडियम असल्याने ती पाण्यात कितीतरी पट फुगते. जगातील बहुतेक बेंटोनाइट मात्र कॅल्शियमयुक्त. ते फारसे फुगत नाही.

४/ १९३० च्या दशकात जर्मनीत त्यावर उपाय निघाला. ओलसर मातीत सोडा ॲश मळला की सोडियम कॅल्शियमची जागा घेते.

५/ नायजेरियात १९५६ मध्ये ओलोइबिरी येथे तेल सापडले. पण ड्रिलिंगसाठी बेंटोनाइट परदेशातूनच येत राहिले. तेथील संशोधक आजही स्थानिक मातीत सोडा व पॉलिमर मिसळून पाहतात.

६/ कसोटी कठोर आहे : ३५० मिलिलिटर पाण्यात २२.५ ग्रॅम माती, आणि गाळणचाचणीतील झिरप १५ मिलिलिटरच्या आत. या कसोटीस उतरेपर्यंत तेल स्वदेशी, पण ते काढणारा चिखल परकाच राहतो.