श्वास देणारे हात

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्याभिषेक आपल्या डोळ्यांपुढे येतात. आज सांगावयाचा आहे तो श्वासनलिकेत घातलेल्या एका लहानशा नळीचा इतिहास. या नळीने असंख्य प्राण वाचविले, आणि हिच्याच वाटेने जंतूही फुप्फुसांत शिरले.

१९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन पोलिओच्या साथीने हादरून गेली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रोगी ब्लेगडाम रुग्णालयात भराभर येऊ लागले. अशांसाठी तेथे यंत्रे होती अवघी सात. यंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. तेव्हा प्रमुख वैद्य लासेन यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञास पाचारण केले. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यास छेद देऊन नळी बसविण्यात आली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरण्यात आली. मुलगी वाचली. मग सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, महिनोगणती पिशव्या दाबीत बसले. नव्वदीच्या घरातले मृत्यूचे प्रमाण लवकरच निम्म्याखाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाचा पाया या हातांनी घातला.

पुढे हातांची जागा यंत्राने घेतली आणि नवे संकट उभे राहिले. १९६५ मध्ये अमेरिकेत डॅलस येथील डॉक्टरांनी दाखवून दिले की, हवेत ओलावा आणणाऱ्या तुषारयंत्रांतच जंतू वाढतात आणि श्वासाबरोबर रोग्यास पोचतात. उपकरणे नियमाने निर्जंतुक होऊ लागली. परंतु जंतू हटले नाहीत. १९६९ मध्ये तेथीलच संशोधनातून कळले की, गंभीर आजारात रोग्याच्या घशातच निराळे, घातक जंतू वस्ती करतात.

मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याची अवस्था यात विशेष नाजूक. तो बेशुद्ध असतो; त्याला धड खोकता येत नाही, गिळता येत नाही. तोंडातली लाळ नळीच्या कडेने झिरपत फुप्फुसांत उतरते. पहिल्या दिवसांत बहुधा त्याच्याच नाकाघशातला स्टॅफिलोकॉकस न्यूमोनिया करतो. पुढे क्लेबसिएला, स्यूडोमोनास, असिनेटोबॅक्टर हे रुग्णालयात वावरणारे जंतू येतात. मेंदूच्या इजेनेही ताप चढतो. त्यामुळे निदान अवघड होते. संशयावरून प्रतिजैविके वाढतात आणि जंतू त्यांना पुरून उरतात. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांत निकडीच्या प्रतिरोधी जंतूंमध्ये यांचीच नावे घातली.

मग उपाय काय? उपाय अगदी साधे आहेत. बार्सिलोना येथील १९९९ च्या प्रयोगात अर्धवट बसते ठेवलेल्या ३९ रोग्यांपैकी २ जणांना न्यूमोनिया झाल्याचे सिद्ध झाले, तर उताणे ठेवलेल्या ४७ पैकी ११ जणांना. खाटेचे डोके उचलावे, तोंड स्वच्छ ठेवावे, लाळ शोषून घ्यावी, दर रोग्यागणिक हात धुवावेत आणि नळीची गरज संपली की नाही हे रोज पाहावे.

परंतु ही कामे कोणी करावयाची? ज्या परिचारिकेकडे एका पाळीत चार-पाच यंत्रांवरचे रोगी सोपविले, ती हात धुण्यास वेळ कोठून आणणार? अंगात कसर नसलेली बाईदेखील तेथे हरते. गिरणीत एका कामगाराच्या गळ्यात जादा माग घातले तर सूत तुटते, हे आम्ही कामगार चळवळीतले लोक जाणतो. येथे श्वास तुटतो. खाटेमागे माणसे किती, हा प्रश्न पगारपत्रकाचा आहे तसाच जंतुशास्त्राचाही आहे.

२०२० च्या साथीत आपल्या शहरांतून श्वासयंत्रांची मोजदाद रोज होत होती. ती सांभाळणाऱ्या माणसांची क्वचितच झाली. यापुढे आपल्या गावच्या रुग्णालयास कोणी दाता यंत्र अर्पण करील, तेव्हा टाळ्या अवश्य वाजवाव्यात. पण त्याच सभेत उठून विचारावे की, रात्रपाळीला या यंत्रापाशी कोण उभे राहणार? कोपनहेगनच्या त्या पंधराशे विद्यार्थ्यांचे ऋण फेडण्याची सुरुवात याच प्रश्नाने होईल.