कुत्र्याच्या जातीवरून आयुष्यभराचा खर्च कसा ठरतो?

कुत्रा घ्यायचा ठरला की घरात पहिली चर्चा होते ती पिल्लाच्या किमतीची. खरे तर हा खर्च एकदाच होतो. पुढची 10-15 वर्षे खिशातून काय जाईल, हे कुत्र्याचे वजन, केस आणि शरीराची ठेवण ठरवते. या तिन्ही गोष्टी जातीबरोबर येतात.

आधी खाण्याचे पाहू. वजन सहापट असले म्हणून खाणे सहापट होत नाही. 30 किलोच्या कुत्र्याला 5 किलोच्या कुत्र्याच्या चौपटीहून थोडी कमी ऊर्जा लागते. तरीही आकडे मोठेच होतात. ढोबळ हिशेबाने 30 किलोचा लॅब्रेडॉर दिवसाला सुमारे 400 ग्रॅम ड्राय फूड खातो, म्हणजे वर्षाला दीडशे किलोच्या आसपास. 8 किलोच्या पगला साधारण 55 किलो पुरते. ग्रेट डेन अडीचशे किलोपर्यंत जातो, पण तो बहुधा 8-10 वर्षेच जगतो. लहान जाती जास्त जगतात, त्यामुळे त्यांचा खर्च कमी असला तरी जास्त वर्षे चालतो.

वजनाचा परिणाम औषधांवरही होतो. जंताच्या गोळ्या, गोचिडांवरचे औषध, भूल, सगळे किलोवर मोजले जाते. रेबीजच्या लशीचा डोस मात्र सर्वांना सारखाच.

सर्वांत फसवा हिशेब पगचा. 2003 मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग दिसला आणि भारतात या जातीला प्रचंड मागणी आली. खाणे कमी, जागा कमी, म्हणून तो स्वस्त वाटतो. पण कुत्रा शरीर थंड करतो ते धापा टाकून, आणि पगच्या चपट्या तोंडात हवेची वाटच अरुंद असते. विदर्भातल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात त्याला एसी लागतो, तो चैन म्हणून नव्हे. काहींच्या नाकपुड्या रुंद करण्याची किंवा टाळूचा लांबलेला भाग कापण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. बाहेर आलेल्या डोळ्यांना जखमा होतात, चेहऱ्याच्या घड्यांत जंतुसंसर्ग होतो.

लॅब्रेडॉरचे दुखणे वेगळे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले, की सुमारे पाव लॅब्रेडॉरमध्ये भूक वाढवणारा एक जनुकीय बदल असतो. वजन वाढते आणि आधीच कमकुवत असू शकणाऱ्या खुब्याच्या सांध्यावर भार येतो. डॅशहंडच्या लांब पाठीत मणक्यातली गादी सरकते. शिह त्झूचे केस वाढतच राहतात, त्यामुळे नियमित कटिंगचा खर्च ठरलेला.

गावठी कुत्रा इथे बराच स्वस्त पडतो. 15-20 किलो वजन, आखूड केस, सरळ नाक, इथल्या हवेला सरावलेले शरीर. आणि पिल्लू बहुतेक वेळा फुकट. लसीकरण आणि नसबंदी मात्र चुकत नाही. गोचिडांमुळे येणारा ताप तर जात पाहतच नाही.

म्हणून पिल्लू पाहायला जाण्याआधी जवळच्या पशुवैद्याला दोन प्रश्न विचारावेत: या जातीचे कुत्रे तुमच्याकडे बहुधा कशासाठी येतात, आणि त्या उपचाराला किती खर्च येतो? शक्य असेल तर पिल्लाच्या आईबापांनाही पाहून यावे. आई श्वास घेताना घरघरत असेल, तर पिल्लाची किंमत कितीही उतरवून मिळाली तरी परत फिरलेले बरे.