परक्यासाठीं दिलेलें मूत्रपिंड

एखाद्या धडधाकट माणसानें इस्पितळांत जाऊन सांगितलें कीं, माझें एक मूत्रपिंड काढून घ्या आणि ज्याला गरज असेल त्याला द्या, तो माझा कोणी नसला तरी चालेल. तर त्याचें स्वागत कसें होईल? इतिहास पाहिला तर अशा माणसाला प्रथम धन्यवाद मिळाले नाहींत. त्याचें डोकें ठिकाणावर आहे ना, एवढेंच आधीं पाहिलें गेलें. असें कां व्हावें, याचा आज थोडा विचार करूं.

आरंभ झाला तो परक्यापासून नव्हे, तर अगदीं सख्ख्यापासून. २३ डिसेंबर १९५४ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं, पीटर बेंट ब्रिगहॅम इस्पितळांत, डॉ. जोसेफ मरे यांनीं रोनाल्ड हेरिक या २३ वर्षांच्या तरुणाचें मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाच्या, रिचर्डच्या, शरीरांत बसविलें. दोघे तंतोतंत सारखे जुळे, म्हणून एकाचा अवयव दुसऱ्याच्या देहानें परका मानला नाहीं. शस्त्रक्रिया कठीण होतीच. पण त्याहून कठीण एक प्रश्न होता. तोंवर वैद्य शस्त्र चालवी तें रोग्याच्याच हितासाठीं. येथें निरोगी माणसाला चिरावयाचें, आणि त्याच्या देहाला लाभ कवडीचा नाहीं! मरे यांनीं निरनिराळ्या पंथांच्या धर्मगुरूंचा सल्ला घेतला. रोनाल्डनेंही विचारलें, पुढें जन्मभर माझ्या प्रकृतीची जबाबदारी इस्पितळ घेईल काय? उत्तर मिळालें, नाहीं. पण लगेच शल्यवैद्यानें त्यालाच उलट विचारलें कीं, तुला गरज पडली तर या खोलींतला कोणी तुला मदत नाकारील असें तुला वाटतें काय? शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं रिचर्डनें चिठ्ठी पाठवून भावाला घरीं निघून जाण्यास सांगितलें. आपण येथेंच राहणार, असें रोनाल्डनें उलट कळविलें.

भावानें भावाला दिलें, याचें कारण कोणालाही समजतें. परक्याचें कारण समजत नाहीं, म्हणून त्याचा संशय येतो. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत कोलोरॅडो राज्यांत तुरुंगांतील कैद्यांचीं मूत्रपिंडें घेण्यांत आलीं. ते स्वखुषीनें पुढें आले होते. परंतु बंदिवानाची खुषी ती किती स्वतंत्र? ती प्रथा बंद पडली. पुढें बहुतेक इस्पितळांनीं परक्या दात्याला दारच लावून घेतलें. न मागतां देऊं पाहणारा मनानें आजारी असावा, असा पुष्कळ डॉक्टरांचा समज होता. १९८० नंतर सायक्लोस्पोरिन हें औषध आलें आणि नातें नसलेल्याचा अवयवही टिकूं लागला. १९९५ सालीं बाल्टिमोर येथें दुर्बिणीच्या साहाय्यानें, लहानशा छेदांतून, दात्याचें मूत्रपिंड काढण्यांत आलें. १९९९ सालीं मिनेसोटा विद्यापीठानें अनोळख्यासाठीं देणाऱ्यांची रीतसर योजना सुरू केली. अशा दात्याशीं मानसतज्ज्ञ बोलतात, आणि अगदीं अखेरच्या क्षणापर्यंत त्याला माघार घेण्याची मुभा असते. ब्रिटनमध्यें ही वाट २००६ सालीं नव्या कायद्यानें मोकळी झाली.

आपल्याकडे संशयाला निराळें कारण होतें. १९८० नंतरच्या दशकांत येथें मूत्रपिंडांचा उघड बाजार मांडला गेला आणि विकणारे सारे गरीब होते. महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश यांच्या विधानसभांनीं ठराव केले, त्यावरून संसदेनें १९९४ चा कायदा केला. निकटच्या आप्तांखेरीज कोणी देऊं इच्छील, तर त्याला जिव्हाळा दाखवून समितीची परवानगी घ्यावी लागते. कायदा मला योग्यच वाटतो. पण अनोळख्याविषयींचा जिव्हाळा कागदावर सिद्ध करावा तरी कसा? तरीही केरळांतील फादर डेव्हिस चिरमेल यांनीं २००९ सालीं नात्याच्या वा धर्माच्या नसलेल्या एका गृहस्थास आपलें मूत्रपिंड दिलें.

फिलाडेल्फियाच्या झेल क्रॅव्हिन्स्की यांची गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. २००३ सालीं त्यांनीं एका अनोळखी स्त्रीला मूत्रपिंड दिलें, तें पत्नीचा विरोध असतांना. त्यांचा हिशेब असा: दात्याच्या मृत्यूचा संभव चार हजारांत एक, तेव्हां देण्याचें नाकारणें म्हणजे आपला जीव परक्याच्या जिवाहून चार हजारपट मोलाचा मानणें. पुढें २०१० सालीं ऐंशी हजारांवर दात्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां तो संभव दहा हजारांत सुमारें तीन निघाला. म्हणजे आंकडा बरोबर होता. मीं बरींच वर्षें मुलांना त्रैराशिक शिकविलें आहे, आणि या मांडणींत मला चूक काढतां येत नाहीं. पण त्यांच्या घरांत मुलें होतीं. उद्यां त्यांतल्याच एकाला गरज पडली तर? हें पद त्या त्रैराशिकांत कोठें मांडावें, तें मला उमगलेलें नाहीं.

गणित निघालें म्हणून सांगतों. रिचर्ड हेरिकनें आपली शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेशींच विवाह केला, त्याला दोन अपत्यें झालीं, आणि १९६३ सालीं तो वारला. रोनाल्ड पुढें शिक्षक झाले. शाळेंत गणितच शिकवीत. एका मूत्रपिंडावर छपन्न वर्षें काढून डिसेंबर २०१० मध्यें, वयाच्या ७९ व्या वर्षीं, ते निवर्तले.