ॲनीला कोणी शिकवलं?



हेलन केलरचं नाव तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही, अशी ती मुलगी शिकली, १९०४ साली पदवीधर झाली, तिने पुस्तकं लिहिली. तिच्या शिक्षिकेचं, ॲनी सुलिव्हनचं नावही काही जणींना आठवेल. पण ॲनीला हे शिकवायला कोणी शिकवलं, हे आपण सहसा विचारत नाही. आज तेच सांगते.

अमेरिकेत बॉस्टन शहरात अंध मुलांची पर्किन्स नावाची शाळा होती. १८३७ साली तिथे लॉरा ब्रिजमन ही सात वर्षांची शेतकऱ्याची लेक आली. दोन वर्षांची असताना तापात तिचे डोळे आणि कान दोन्ही गेले होते. आधार उरला होता तो स्पर्शाचा. शाळेचे प्रमुख डॉक्टर सॅम्युअल हाऊ यांनी किल्ली, चमचा, सुरी अशा रोजच्या वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. लॉरा वस्तू चाचपायची, मग चिठ्ठी चाचपायची. पुढे सुटी चिठ्ठी हातात दिली की ती बरोबर त्या वस्तूवर नेऊन ठेवायला लागली. आधी हे नुसतं अनुकरण होतं. मग तिच्या ध्यानात आलं, की या खुणांनी आपल्या मनातलं दुसऱ्याला सांगता येतं. नंतर ती बोटांची लिपी शिकली. बोटांच्या वेगवेगळ्या ठेवणीने अक्षर करायचं आणि समोरच्याच्या तळहातात द्यायचं.

नाव डॉक्टरांचं झालं. पण लॉराजवळ रोज तासन्‌तास बसल्या त्या शाळेतल्या शिक्षिका. त्या रोजच्या रोज वहीत लिहून ठेवायच्या, की आज काय शिकवलं, कुठे अडलं, पोरगी कशाने रागावली. या वह्या ध्यानात ठेवा.

आता ॲनी. ही गरीब आयरिश कुटुंबातली. लहानपणी खुपऱ्यांनी नजर अधू झाली. आई वारली, बापाने सोडलं, आणि दहाव्या वर्षी ती सरकारी गरीबखान्यात पडली. चौदाव्या वर्षी पर्किन्समध्ये आली तेव्हा तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. लॉरा तेव्हा पन्नाशीची होती आणि तिथेच राहत होती. तिच्याशी बोलता यावं म्हणून ॲनी बोटांची लिपी शिकली. १८८६ साली तिचं शिक्षण संपलं, आणि दूर अलाबामाहून हेलनच्या घरच्यांनी शिक्षिका मागितली. ॲनी लगेच निघाली नाही. काही महिने बसून तिने लॉराच्या शिक्षणाच्या त्या नोंदी वाचून काढल्या. मार्च १८८७ मध्ये ती हेलनकडे पोचली तेव्हा वीस वर्षांची होती.

महिन्याभरात हापशाखाली हेलनच्या एका हातावर पाणी पडलं, दुसऱ्या हातात ॲनीने ‘पाणी’ हा शब्द दिला, आणि पोरीला उमगलं. लोक त्याला चमत्कार म्हणतात. पण त्या एका महिन्याच्या मागे पन्नास वर्षांच्या नोंदी होत्या. शिवाय ॲनीने स्वतः एक निरीक्षण केलं. घरातलं तान्हं लेकरू बोलायच्या आधी आपलं बोलणं ऐकून किती समजून घेतं, हे तिने पाहिलं. तेव्हापासून धड्यासारखे सुटे शब्द देणं सोडून ती हेलनच्या हातात पूर्ण वाक्यं बोलायला लागली. बाळाशी आपण बोलतो तशीच.

पण एका मुलीला एक ॲनी, हे किती मुलांना मिळणार? १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय, मेंदू यांना इजा होते. सुमारे वीस हजार बाळं अशी जन्मली. त्यांतल्या कित्येकांना एकाहून जास्त अपंगत्व होतं. शिकवणारी माणसं मोठ्या संख्येने तयार करणं भाग पडलं.

१९६९ साली विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज या गावी एक वेगळी वाट निघाली. तो शेतीचा मुलूख, घरं लांब लांब. लहान मुलांना रोज एका केंद्रात आणणं जमेना. म्हणून शिक्षिकाच आठवड्यातून एकदा घरी जायची, साधारण दीड तास बसायची आणि आईला शिकवायची. एका आठवड्यात जमेल एवढंच काम ठरवायचं. चमच्याने जेवणं शिकवायचं, तर आधी आईने बाळाचा हात धरून घास ओठांपर्यंत न्यायचा आणि शेवटचं बोटभर अंतर बाळाने स्वतः पार करायचं. ते जमलं की हात थोडा आधी सोडायचा. आईने रोज तक्त्यावर खूण करायची. पुढच्या खेपेला दोघींनी मिळून तो तक्ता बघायचा. ही पद्धत पुढे भारतासह पुष्कळ देशांत गेली.

आपल्याकडे मुंबईत १९७७ साली हेलन केलरच्याच नावाने कर्णबधिर-अंध मुलांसाठी संस्था सुरू झाली. १९९२ मध्ये विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आणि नोंदणीसाठी देशाचा कायदा झाला. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात आला.

तरीही गावात अशा मुलाच्या आईला काय ऐकावं लागतं? “तुझं नशीब. याला काय कळतंय? खाऊ घाल म्हणजे झालं.” मैत्रिणींनो, लॉराबद्दलही लोकांना असंच वाटलं असतं. फरक पडला तो शिकवणाऱ्यांच्या शिकण्याने.

तुमच्या गावात असं लेकरू असेल तर गटाच्या दोघी-तिघी मिळून पंचायत समितीच्या शिक्षण विभागात किंवा गटसाधन केंद्रात जा. विशेष शिक्षक घरी कधी येतील, ते विचारा. ते आले की आईने पोर त्यांच्या हवाली करून चुलीकडे जाऊ नये. शेजारी बसावं, त्यांचे हात कसे चालतात ते बघावं, त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवावं. तेवढा वेळ तिचा स्वयंपाक गटातली एखादी करील. आणि एक वही करा. आईला लिहिता येत नसेल तर शेजारची शाळेतली मुलगी लिहील. आज लेकराने कशाकडे मान वळवली, कुणाचा हात ओळखला, एवढं जरी लिहिलं तरी पुढच्या खेपेला शिक्षकांना तिथून पुढे जाता येईल.