मदेरा आणि खारा मासा

कॅरिबियन मेजवानीत कोणत्या पदार्थासोबत कोणती वाइन द्यावी, याचा विचार बहुधा चवीपुरताच होतो. आम्हांला त्या मेजावर इतिहासाची उतरंड दिसते. ऊसमळ्यांच्या मालकांची आवडती वाइन मदेरा बेटावरची. उष्ण समुद्रावरील प्रवासात तापूनच ती मुरत असे. गुलामांच्या वाट्याला आला उत्तर अटलांटिकचा खारवलेला कॉड मासा, तोही हलक्या प्रतीचा. कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात, त्याची रोपे विल्यम ब्लायने १७९३ साली जमैकात आणली, ती या गुलामांना स्वस्तात पोसता यावे म्हणूनच. १८३८मध्ये गुलाम पूर्णतः मुक्त झाल्यावर मळेवाल्यांनी मजूर बाहेरून आणले. १८४५ साली ‘फातेल रझाक’ जहाजातून करारबद्ध भारतीय त्रिनिदादला उतरले आणि कालांतराने रोटी तिथलीच झाली.

आज पश्चिम आफ्रिकेतून आलेले अकी हे फळ आणि खारा कॉड यांचा पदार्थ जमैकाचे राष्ट्रीय अन्न मानला जातो. सक्तीचा शिधा रांधणाऱ्यांनी आपलासा केला. त्यातच त्यांची निर्मितिशीलता आहे. मात्र तिचे कौतुक करताना सक्तीचा विसर पडू नये. पदार्थांची यादीही संहितेसारखीच वाचावी लागते: काय वाढले याबरोबरच पंगतीला कोणाला बसू दिले नाही, हेही पाहून.