अंजिराचा क्रंबल : गोडी, आंबटपणा आणि खुसखुशीतपणाचा मेळ

भांडगाव (ता. दौंड) : पुणे-सोलापूर महामार्गावर यवत ओलांडले, की भांडगाव लागते. येथून दक्षिणेकडे, भुलेश्वरच्या डोंगररांगेच्या बाजूला वळले, की खोर आणि परिसरातील अंजिराच्या बागा सुरू होतात. पलीकडच्या पुरंदर तालुक्यातील अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डोंगराच्या दोन्ही बाजूंचे हे फळ चवीला राजस, पण आयुष्याने अत्यंत अल्प. झाडावरून उतरवल्यानंतर अंजीर नीटसे पिकत नाही. त्यामुळे ते पिकल्यावरच तोडावे लागते आणि नेहमीच्या तापमानाला एक-दोन दिवसांत मऊ पडते. बाजारातून हौसेने आणलेल्या पाटीतील तळची फळे दुसऱ्या दिवशी दबतात, फुटतात आणि बहुतेक घरांत कचऱ्याच्या डब्यात जातात.

अशा फळांचे सोने करणारा एक सोपा विलायती पदार्थ म्हणजे 'फ्रूट क्रंबल'. खाली शिजलेली रसदार फळे आणि वर पीठ, लोणी व साखर यांचा खरपूस भाजलेला चुरा, एवढीच त्याची रचना. तरीही घरी केलेला क्रंबल अनेकदा फसतो. कधी वरचा चुरा लगदा होतो, कधी त्याचा दगड होतो, तर कधी सगळा पदार्थ नुसता गोड लागतो. इंग्रजी पुस्तकातील कृती आपल्या फळांना जशीच्या तशी लावणे, हे त्याचे मुख्य कारण होय.

काटकसरीतून रुजलेला पदार्थ

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आदी जिनसा शिधापत्रिकेवर मिळू लागल्या. ही पद्धत १९५४ मध्ये पूर्णपणे संपली. 'पाय' या पदार्थाच्या पारीला पीठ आणि स्निग्धांश दोन्ही भरपूर लागतात. त्याऐवजी फळांवर थोडासा चुरा पसरून भाजण्याची रीत या टंचाईच्या काळात घरोघरी पोचली, असे मानले जाते. म्हणजे मुळात हा थोडक्यात भागवण्याचा पदार्थ आहे. जर्मनीत केकवर पसरला जाणारा 'स्ट्रॉइझल' आणि अमेरिकेतील ओट घातलेला 'क्रिस्प' ही याच कुळातील भावंडे.

मराठी स्वयंपाकघराला ही कल्पना परकी नाही. नानकटाई म्हणजे पीठ, तूप आणि साखर यांचाच मेळ. पुण्याच्या कॅम्पातील बेकऱ्यांची श्रुसबरी बिस्किटे त्याच घरातली. करंजी किंवा शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळून मुटका वळतो का, हे पाहणाऱ्या गृहिणीला क्रंबलच्या चुऱ्याचे निम्मे शास्त्र आधीच ठाऊक असते.

आंबटपणा बाहेरून आणावा लागतो

इंग्लंडमध्ये क्रंबलसाठी 'ब्रॅमली' जातीची आंबट सफरचंदे किंवा ऱ्हुबार्बचे अतिआंबट देठ वापरतात. वरचा गोड चुरा आणि खालचे आंबट फळ यांचा तोल तेथे आपोआप साधतो. आपले अंजीर, चिकू, पेरू ही फळे मात्र गोड असून त्यांच्यातील आंबटपणा कमी असतो. अंजिराची आम्लता तर इतकी कमी, की ते डबाबंद करताना टिकाऊपणासाठी लिंबाचा रस घालावाच लागतो. गोड फळावर गोड चुरा पडला, की दोन घासांतच तोंड फिरते. म्हणून आपल्याकडे क्रंबल करताना पहिला प्रश्न साखर किती घालावी हा नसून आंबटपणा कुठून आणावा, हा आहे.

पुणे जिल्ह्यात अंजिराचे दोन बहार घेतले जातात. हिवाळ्यात येणारी फळे 'खट्टा बहारा'ची, तर उन्हाळ्याकडे येणारी 'मीठा बहारा'ची. नावांतच चवीचा अंदाज येतो. खट्ट्या बहाराच्या फळांना किंचित गूळ चालतो. मिठ्या बहाराच्या फळांत साखर अजिबात घालू नये, उलट लिंबाचा रस वाढवावा. फळ शिजवण्यापूर्वी चाखून पाहणे, हा यातला सर्वांत महत्त्वाचा नियम. लिंबू घातल्यावर फळ नुसते खाताना थोडे आंबट वाटले पाहिजे, कारण वरचा चुरा ती कसर भरून काढतो.

पाण्याचा हिशेब

ताज्या अंजिरात वजनाच्या सुमारे ८० टक्के पाणी असते. उष्णता लागताच हे पाणी सुटते, त्याची वाफ होते आणि ती वरच्या चुऱ्यातूनच बाहेर पडते. पाणी जास्त असेल तर चुऱ्याची खालची बाजू ते शोषून घेते आणि तिचा शिरा होतो. यावर तीन उपाय आहेत. फळ आधी उघड्या कढईत पाच-सात मिनिटे परतून त्यातील काही पाणी उडवावे. उरलेल्या रसाला थोडे कॉर्नफ्लोअर लावावे. आणि चुरा हाताने दाबून न बसवता सैलसर पसरावा, म्हणजे वाफेला वाट मिळते.

साहित्य (सहा जणांसाठी)

फळांचा थर : पिकलेली अंजिरे ६०० ग्रॅम (मध्यम आकाराची १२ ते १५), लिंबाचा रस १ ते २ मोठे चमचे, कॉर्नफ्लोअर २ लहान चमचे, चिमूटभर वेलदोड्याची पूड किंवा किसलेले आले. फळे खट्ट्या बहाराची असल्यास चिरलेला गूळ १ ते २ मोठे चमचे.

चुरा : मैदा किंवा बारीक चाळलेली कणीक १०० ग्रॅम, ज्वारीचे पीठ ५० ग्रॅम, थंड लोणी ७५ ग्रॅम, बारीक दाणेदार साखर ७५ ग्रॅम. लोणी बिनमिठाचे असल्यास चिमूटभर मीठ.

चुऱ्याचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. वजनाने पीठ दोन भाग, लोणी एक भाग, साखर एक भाग. एकूण चुऱ्याच्या दुप्पट फळ. हे प्रमाण वजनाचे आहे, वाटीचे नव्हे. दोन वाट्या पिठाला एक वाटी लोणी व एक वाटी साखर घेतली, तर ती दोन्ही जवळजवळ दुप्पट पडतात, कारण पीठ वजनाला हलके असते. वजनकाटा नसल्यास चार वाट्या पिठाला साधारण एक वाटी लोणी आणि सव्वा वाटी साखर, या बेताने घ्यावे.

ज्वारीच्या पिठाचे येथे विशेष काम आहे. गव्हाच्या पिठात पाण्याच्या संपर्काने चिवटपणा येतो. ज्वारीत तो गुण नसल्याने चुरा ठिसूळ राहतो आणि त्याला खमंग चव येते. मात्र सर्वच पीठ ज्वारीचे घेतल्यास चुऱ्याची भुकटी होते. एक तृतीयांश पुरे.

लोण्याऐवजी तूप वापरता येते, पण समान वजनाने नव्हे. बाजारच्या लोण्यात स्निग्धांश सुमारे ८० टक्के असतो, बाकी मुख्यतः पाणी. तुपात पाणी जवळपास नसतेच. म्हणून ७५ ग्रॅम लोण्याच्या जागी ६० ग्रॅम तूप घ्यावे आणि ते फ्रिजमध्ये ठेवून घट्ट, रवाळ करून घ्यावे. घरचे पांढरे लोणी वापरायचे असल्यास त्यातील ताक पूर्ण दाबून काढावे.

दौंड तालुका उसाचा आणि केडगाव परिसरातील गुऱ्हाळे सर्वपरिचित असल्याने चुऱ्यातही गूळ वापरण्याचा मोह होईल. तो आवरावा. गुळातील ओलाव्याने चुरा मऊ पडतो आणि लवकर करपतो. गूळ फळांत घालावा, चुऱ्यात साखरच ठेवावी.

कृती

१. अंजिरे धुऊन, देठ काढून प्रत्येकाचे चार तुकडे करावेत. साल काढण्याची गरज नाही. नुसती मऊ किंवा फुटलेली फळे चालतात. बुरशी आलेली अथवा आंबूस वास येणारी फळे मात्र टाकूनच द्यावीत.

२. कढईत मध्यम आचेवर अंजिरे व गूळ पाच-सात मिनिटे परतावे. खाली उतरवून लिंबाचा रस व वेलदोडा घालावा. चाखून पाहावे. कॉर्नफ्लोअर एक चमचा पाण्यात कालवून मिसळावे आणि मिश्रण भाजण्याच्या भांड्यात साधारण दोन सेंटिमीटर थर होईल असे पसरावे. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचे, ओव्हनमध्ये चालणारे भांडे पुरते. मिश्रण कोमट होऊ द्यावे. कढत फळावर चुरा पडल्यास लोणी लगेच वितळते.

३. पिठे एकत्र चाळून त्यात लोण्याचे बारीक तुकडे टाकावेत व बोटांच्या टोकांनी चोळावेत. करंजीला मोहन कडकडीत घालतात, येथे नेमके उलटे. लोणी थंडच हवे. वितळलेले लोणी सगळ्या पिठाला सारखे लागते आणि चुऱ्याऐवजी सलग बिस्किटाची थाळी तयार होते. भरड रव्यासारखे दिसू लागले, की साखर मिसळावी. मूठ दाबली तर मुटका वळावा आणि बोटाने टोचताच त्याचे शेंगदाण्याएवढे खडे पडावेत. पाणी घालू नये. उन्हाळ्यात हे मिश्रण वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे.

४. चुरा फळांवर एक ते दीड सेंटिमीटर जाडीने सैल पसरावा. ओव्हन १८० अंश सेल्सिअसला दहा मिनिटे तापवून घ्यावा व भांडे मधल्या कप्प्यात ३५ ते ४० मिनिटे ठेवावे. वरचा रंग बदामी झाला एवढ्यावर थांबू नये. कडेने फळांचा रस दाट बुडबुड्यांनी उकळताना दिसला पाहिजे. तो उकळल्याशिवाय कॉर्नफ्लोअर शिजत नाही आणि रस पातळच राहतो.

५. बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटे उघडेच ठेवावे. गरम असताना झाकण घातल्यास आतली वाफ पाणी होऊन चुऱ्यावर पडते आणि सगळी मेहनत वाया जाते.

ओव्हन नसल्यास

केवळ मायक्रोवेव्हवर चालणाऱ्या ओव्हनमध्ये पदार्थ गरम होतो, पण खरपूस होत नाही. झाकलेल्या कुकरमध्ये वाफ कोंडते. त्यापेक्षा दोन्ही भाग वेगळे करणे श्रेयस्कर. तयार चुरा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, भाजणी भाजावी तसा १५ ते २० मिनिटे हलक्या हाताने परतावा. बदामी होताच ताटात पसरून गार करावा. फळे कॉर्नफ्लोअरसह दाटसर शिजवून वाट्यांत भरावीत आणि वाढताना वर चुरा घालावा. हा चुरा घट्ट झाकणाच्या डब्यात काही दिवस खुसखुशीत राहतो.

अन्य फळे

पेरूच्या बिया काढून फोडी आधी चांगल्या शिजवाव्यात, अन्यथा चुरा करपेपर्यंत त्या कच्च्याच राहतात. आंबा पूर्ण पिकलेला न घेता पाडाचा, किंचित आंबट घ्यावा. अननस व महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांचा आंबटपणा पुरेसा असतो, पण पाणी फार सुटते. त्यांना कॉर्नफ्लोअर दुप्पट लागते आणि लिंबू लागत नाही. चिकू एकटा वापरू नये, आंबटसर सफरचंदाच्या जोडीने घ्यावा. याच भागातील लाडके सीताफळ मात्र या पदार्थाला वर्ज्य समजावे. ते तापवल्यास गराला कडवटपणा येतो.

वाढताना

बासुंदी किंवा गोड आइस्क्रीम सोबत दिल्यास साधलेला तोल बिघडतो. साखर न घातलेला, फेटलेला चक्का याला सर्वांत शोभतो. वरील प्रमाणात एका वाढपात सुमारे साडेबारा ग्रॅम लोणी आणि तेवढीच साखर येते. फळांची स्वतःची साखर वेगळी. त्यामुळे पदार्थ फळांचा असला, तरी मधुमेह असणाऱ्यांनी तो पक्वान्नच समजावा.

खोरच्या किंवा पुरंदरच्या बागेतून आलेले अंजीर ताजे असेल, तर ते तसेच खावे. त्याहून मोठे पक्वान्न नाही. पण पाटीच्या तळाला दबलेली दहा-बारा फळे दुसऱ्या दिवशी समोर आली, की डबा उघडण्याआधी वाटीभर पीठ आणि एक लिंबू जवळ घ्यावे. शेतकऱ्याने वर्षभर जपलेले फळ वाया न जाऊ देण्याचा हा तासाभराचा उपाय आहे.