बादशाही भांडे आणि बाजारी भांडे

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या आणि फडताळांतल्या पुष्कळ वस्तू खाली उतरतात. साताऱ्याच्या पेठांतून काय किंवा सांगली-मिरजेच्या जुन्या वाड्यांतून काय, अशा वेळी निळ्या नक्षीची एखादी जाड बशी, हिरवट झाक असलेला वाडगा किंवा कड उडालेला पेला हटकून निघतो. मग घरातले कोणी वडीलधारे सांगतात, "ही साधीसुधी बशी नव्हे बरे का! चीनच्या बादशहाच्या मुदपाकखान्यातली आहे." हे ऐकून धाकटी मंडळी तिला जपून हाताळू लागतात. कौतुक योग्यच, पण बशी बादशाही आहे हे ठरवायचे कशावरून? आणि ती तशी नसली, तर तिचे मोल लगेच उतरते का? या दोन प्रश्नांचा विचार फराळाच्या ताटाशेजारी बसून करण्यासारखा आहे.

प्रथम बादशाही भांडे म्हणजे काय ते पाहू. चीनच्या ज्यांगशी प्रांतात जिंगदेझेन नावाचे एक गाव आहे. आपल्याकडे सांगलीची हळद तसे तिकडे जिंगदेझेनचे भांडे. जवळच्या गावलिंग नावाच्या टेकडीची पांढरी माती आणि त्याच मुलखातला एक दगड कुटून केलेले पीठ, ही दोन एकत्र मळून सुमारे तेराशे अंश उष्णतेच्या भट्टीत भाजली की चिनी मातीचे खरे भांडे तयार होते. 'केओलिन' हा पाश्चात्त्यांचा शब्द याच टेकडीच्या नावावरून आला. मिंग घराणे १३६८ साली गादीवर आले आणि त्याच्या आरंभीच्या काळातच या गावी बादशहाची स्वतंत्र भट्टी उभी राहिली. तिच्या आवारात जे दरबारी हुकमाने घडले ते बादशाही. आणि त्याच गावात तीच माती वापरून शेकडो खासगी भट्टीवाल्यांनी बाजारासाठी जे घडवले ते लोकांचे. म्हणजे दोहोंतला मूळ भेद हुकमाचा आहे, मातीचा नव्हे.

या हुकमाचा कडकपणा विलक्षण होता. आकार, माप, रंग, नक्षी सारे दरबारातून ठरून येई. शंभर वाडगे मागवले तर शंभराही वाडग्यांचा घेर एकच हवा. ज्यात रेघ फाटली, झिलईला टिंब आले किंवा कड किंचित वाकली, ते भांडे मिंग काळात फोडून आवारातच पुरून टाकीत. ते बाजारात जाऊन कोणा वाण्याच्या ताटात दिसू नये म्हणून! जिंगदेझेनच्या झूशान भागात १९८० नंतरच्या दशकांत जे उत्खनन झाले, त्यात अशा फोडलेल्या भांड्यांचे ढीगच्या ढीग सापडले. संशोधकांनी ते तुकडे जुळवून वाडगे पुन्हा उभे केले. बादशहाने नाकारलेली भांडीच आज बादशाही कारागिरीची सर्वांत खात्रीची साक्ष ठरली आहेत, ही इतिहासाची मौज म्हणायची.

आता ओळखण्याच्या खुणा. भांडे हातात आले की लोक आधी चित्र पाहतात. जाणकार ते उलटे करतो. बुडाच्या कड्याला झिलई नसते, त्यामुळे आतली माती तिथे उघडी पडते. बादशाही भांड्याचे हे कडे बहुधा गुळगुळीत घासलेले, माती बारीक आणि शुभ्र. बाजारी भांड्याच्या बुडाला कित्येकदा भट्टीतली वाळू चिकटलेली असते, चाकाच्या रेघा राहिलेल्या असतात, माती करडी दिसते. दक्षिण चीनमधल्या झांगझौकडच्या भट्ट्यांतून परदेशी पाठवलेल्या भांड्यांना तर ही वाळू इतकी असते की बोटांना टोचते. आपल्या कुंभाराने मडके चाकावरून उतरवले की बुडाला दोऱ्याची खूण राहते, तिच्यावरून हात ओळखतात. तसाच हा प्रकार.

दुसरी खूण शिक्क्याची, आणि फसगत सर्वांत जास्त होते ती इथेच. बुडाशी बहुधा सहा चिनी अक्षरे असतात. दोन घराण्याची, दोन बादशहाच्या कारकिर्दीची आणि दोन 'या वर्षांत केले' अशा अर्थाची. 'महान मिंग, च्येंगहुआच्या वर्षांत निर्मित' असे वाचले की मालक हर्षाने उडी मारतो, कारण च्येंगहुआ बादशहाचा काळ १४६५ ते १४८७. पण हे नाव पुढे दोनशे वर्षांनी, कांगशी बादशहाच्या काळातही (१६६२ ते १७२२) बाजारी कुंभार सर्रास घालीत होते.

ही लबाडी म्हणायची काय? सातारकरांनी तरी घाईने तसे म्हणू नये. आपली शिवराई आठवावी. तांब्याच्या त्या नाण्यावर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसरीस 'छत्रपति' अशी अक्षरे. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक १६७४ सालचा. परंतु तीच अक्षरे असलेली शिवराई पेशवाईभर आणि पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत पडत राहिली, आणि तीही सरकारी परवान्यावर चाललेल्या खासगी टांकसाळींतूनसुद्धा. जुन्या शिवराईवर अक्षरे पूर्ण आणि ठसठशीत, भोवती ठिपक्यांचे कडे. नंतरच्या नाण्यांत कधी अक्षर अर्धे कापलेले, कधी वेडेवाकडे. म्हणून नाण्यावर महाराजांचे नाव आहे एवढ्यावरून ते महाराजांच्या काळचे ठरत नाही. आणि त्यांच्या काळचे नाही म्हणून ते खोटेही ठरत नाही. ज्या नावाला बाजारात मान होता ते नाव लोकांनी पुढे चालवले. चिनी कुंभाराने च्येंगहुआचे नाव घातले त्यात पूर्वजांच्या कारागिरीविषयीचा आदर होता आणि थोडी दुकानदारीही होती. तेव्हा शिक्का वाचण्यापेक्षा शिक्क्याचे अक्षर पाहावे. दरबारी लेखक एका वळणाने, नेमक्या अंतराने लिहितो. बाजारी हात भरभर फराटे ओढतो.

याच संदर्भात १६७७ सालची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. त्या वर्षी जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने खासगी भट्टीवाल्यांना बादशहाचे नाव भांड्यावर घालण्याची मनाई केली. भांडे फुटले की बादशहाचे नाव पायदळी जाते, म्हणून. कुंभारांनी नाव गाळले, पण नावाभोवतीची दुहेरी निळी वर्तुळे तशीच ठेवली! काहींनी त्यांत पान काढले, काहींनी ससा, काहींनी काहीच नाही. रिकामी वर्तुळे असलेली अशी बशी मिळाली, तर ती बादशाही नाही हे निश्चित. पण हुकमातून वाट काढणाऱ्या एका हुशार कारागिराच्या पेठेतली असण्याचा संभव पुष्कळ.

तिसरी खूण नक्षीची. पाच नखांचा ड्रॅगन हा खुद्द बादशहाचा मान. इतरांनी चार किंवा तीन नखांवर समाधान मानावे असा दंडक. आपल्याकडे अबदागिरी कोणी धरावी, चौघडा कोणाच्या दारी वाजावा याचे नियम होते, तसाच हा. पण नियम होता याचाच अर्थ तो मोडणारेही होते. दरबाराचा धाक सैल पडला की बाजारी भांड्यांवरही पाचवे नख उगवे. म्हणून नखे मोजून निकाल देऊ नये. रेषेकडे पाहावे. बादशाही चित्रात बाह्यरेषा एक जण काढी, रंग दुसरा भरी. फ्रेंच पाद्री दांत्रकोल याने १७१२ साली जिंगदेझेनविषयी लिहिलेल्या पत्रात, एक भांडे सत्तर जणांच्या हातांतून जाते असे म्हटले आहे. इतक्या हातांतून निघालेले चित्र निर्दोष असते. पण क्वचित निर्जीवही. उलट बाजारी वाडग्यावर एकाच माणसाने चार फटकाऱ्यांत काढलेला मासा किंवा बांबू असा काही उमटतो की पाहत राहावे.

बादशाही पूर्णतेची किंमत कोण मोजत होते, हेही या निमित्ताने आठवले पाहिजे. सोळाव्या शतकात दरबारची मागणी इतकी वाढली की सरकारी भट्टीला ती पुरी होईना. तेव्हा अवघड कामे खासगी भट्ट्यांवर लादली गेली. भांडे बिघडले तर भुर्दंड त्या कुंभाराचा. म्हणजे बादशाही म्हणून मिरवणारी त्या काळची कित्येक भांडी लोकांच्याच भट्टीत भाजलेली आहेत! १५९९ च्या सुमारास दरबारच्या एका खोजा अधिकाऱ्याने ड्रॅगनचे प्रचंड रांजण मागितले. ते पुन्हापुन्हा तडकत, आणि कारागिरांवर फटके पडत. तेव्हा तोंग बिन नावाच्या कुंभाराने आपल्या सोबत्यांसाठी स्वतःला धगधगत्या भट्टीत झोकून दिले, अशी तिथली कथा आहे. जिंगदेझेनच्या लोकांनी त्याचे देऊळ बांधले. तो भट्टीचा देव झाला. पुढे अठराव्या शतकात बादशाही भट्टीचा नामांकित अधिकारी तांग यिंग याने त्याचे चरित्र लिहिले, यावरून ही जखम किती खोल गेली होती ते कळते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. दख्खनमध्ये ही भांडी आली ती समुद्रावाटे. गोव्यात १५१० पासून पोर्तुगीज होते. वेंगुर्ल्याला १६३७ पासून डच वखार होती. दाभोळ-राजापूरची बंदरे तर त्याहून जुनी. घाट चढून हा माल आदिलशाहीत पसरे, आणि सातारा-मिरजेचा मुलूख तेव्हा आदिलशाहीतच होता. विजापूरला गोल घुमटाच्या नगारखान्यातल्या संग्रहालयात चिनी भांडी आजही पाहता येतात. हिरवट झिलईच्या ताटांना आपल्या देशात 'घोरी' म्हणत. विषारी अन्न वाढले की घोरी ताट तडकते किंवा रंग बदलते अशी समजूत होती. म्हणून सुलतानांना ते प्रिय. विष ओळखण्याची शक्ती त्या झिलईत नाही, हे सांगायला नकोच. पण गंमत पाहा : ही हिरवी ताटे बहुतांशी चीनच्या लोंगछ्वान भागातल्या व्यापारी भट्ट्यांतली. चीनमध्ये जे बाजारी, ते इथे येऊन राजाचे झाले!

चीनची माणसेही साताऱ्याला आली होती, मात्र बेड्या घालून. मलाक्काच्या बाजूच्या इंग्रजी वसाहतींतून आणलेल्या चिनी व मलायी कैद्यांसाठी महाबळेश्वरी १८३४ साली तुरुंग झाला. तो १८६४ पर्यंत होता. बटाटे आणि इंग्रजी भाजीपाला पिकवणे, वेताच्या टोपल्या विणणे ही कामे ते करीत. 'चायनामॅन' हे तिथल्या एका धबधब्याचे नाव त्यांचीच आठवण आहे. बादशहाचे भांडे सातारच्या डोंगरात आले नसेल, पण चिनी हाताची मेहनत या मातीत मुरली आहे.

तर मग वाड्यातल्या त्या बशीचे काय? सर्वांत आधी ती चिनी तरी आहे का ते पाहावे. पणतीच्या उजेडासमोर धरली आणि पातळ भागातून उजेड पाझरला तर खरी चिनी माती असण्याचा संभव आहे. उजेड मुळीच आला नाही, आणि नक्षीत दोन कागद जोडल्यासारखा सांधा दिसला, तर ती बहुधा विलायतेची छापील बशी. विलोच्या झाडाखाली पूल आणि वर दोन पक्षी ही प्रसिद्ध 'चिनी' नक्षी मुळात इंग्रज कारखानदारांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस जुळवलेली आहे. बुडाशी इंग्रजीत 'चायना' असा देशाचा शब्द असेल, तर बशी बहुधा १८९१ नंतरची. त्या सुमारास अमेरिकेने परदेशी मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती केली, तेव्हापासून ही चाल पडली. उत्तम नमुने डोळ्यांखालून घालायचे असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातला सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचा संग्रह पाहावा. चार चांगली भांडी पाहिल्याशिवाय पाचव्याची पारख होत नाही.

ही पारख आज विशेष लागते, कारण दोन्ही बाजूंनी फसवणूक चालते. हाँगकाँगला २०१४ साली च्येंगहुआच्या काळातला कोंबड्यांचे चित्र असलेला एक चिमुकला पेला अठ्ठावीस कोटी हाँगकाँग डॉलरांवर विकला गेला. असल्या बातम्यांमुळे कोणी नकली बशी 'बादशाही' म्हणून गळ्यात मारतो, तर कोणी खरी जुनी बशी स्टीलच्या पातेल्याच्या मोबदल्यात उचलून नेतो. शंभर वर्षांहून जुन्या अशा कलावस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी नेता येत नाहीत, हेही ध्यानात असावे.

बादशाही भांडे आपल्या घरी निघण्याचा संभव फार थोडा. ते बीजिंगच्या राजवाड्यासाठीच जन्मले होते. आपल्याकडे आली ती लोकांची भांडी : जिंगदेझेनच्या कुंभाराने घडवलेली, गलबतावर पेंढ्यात बांधलेली, बैलांच्या पाठीवर घाट चढलेली. बादशाही वाडग्यावरून एका दरबाराची आवड कळते. या बाजारी बशीवरून मात्र आपल्या पणज्यांचा व्यवहार, त्यांचे येणे-जाणे आणि हौस कळते. म्हणून ती सोड्याने घासू नये, तडा गेला म्हणून टाकू नये. आणि ती कोणाच्या काळी, कोणत्या गावाहून आली याविषयी घरातल्या आजी-आजोबांना जे ठाऊक असेल ते एका चिठ्ठीवर लिहून या दिवाळीतच तिच्यासोबत ठेवावे. बुडाचा शिक्का पुढेही कोणी वाचील. ही हकीकत मात्र सांगणारे माणूस गेले की कोणालाच वाचता येत नाही.